बिनकानाचं हेल्मेट

परवा रात्री झोप येईना म्हणून ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या म्युझियमचे फोटो बघत बसलो आणि कोरिंथियन हेल्मेटपाशीच अडकलो. ग्रीक योद्धा म्हटलं की डोळ्यासमोर येतं ना तेच, बदामी डोळे, नाकावर उतरलेली पट्टी, गाल झाकलेले. पण नीट बघा, कानाला भोकच नाहीये! म्हणजे सेनापती मागून काय बोंबलतोय ते धड ऐकू येणार नाही आणि बाजूचं दिसायचीही मारामारच.

त्याच्या आधीच्या घडणीचं एक हेल्मेट १९५३ साली ग्रीसमधल्याच अर्गॉस शहरात एका थडग्यात सापडलं, इ.स.पू. ८व्या शतकाच्या शेवटचं. वर निमुळतं, त्यावर भलामोठा तुरा, दिसायला जबरदस्त, पण पाच तुकडे जोडून केलेलं, म्हणजे घाव नेमका जोडावर बसला तर? कोरिंथियनवाल्यांनी इ.स.पू. ७०० च्या आसपास ती भानगडच मिटवली, ब्राँझच्या एकाच पत्र्यातून ठोकून ठोकून अख्खं हेल्मेट घडवलं. ब्राँझ म्हणजे तांबं आणि साधारण दहावा हिस्सा कथील, ठोकलं की कडक होतं, तसंच ठोकत राहिलं की तडकतं, म्हणून मधेमधे तापवून नरम करायचं आणि परत हातोडी. आपल्या तांबटांना हे सांगायला नको, फक्त घागरीला नाक नसतं!

आणि कानाचं म्हणाल तर ढालीला ढाल लावून रांगेत उभं राहायचं, शत्रू समोर, बाजूला आपलेच, मग मान वळवून बघायचंय कोणाला. लढाई नसली की हेल्मेट सरळ कपाळावर सरकवायचं, अथेन्सचा नेता पेरिक्लीस, त्याच्या पुतळ्यात तसंच आहे, कोरिंथ शहराच्या नाण्यांवरच्या अथेना देवीचंही तसंच.

त्याच म्युझियममधे मिल्टियाडीसचं नाव कोरलेलं एक आहे, हो, इ.स.पू. ४९० ची मॅरेथॉनची लढाई जिंकली तोच अथेन्सचा सेनापती. मजकूर काय तर मिल्टियाडीसने झ्यूस देवाला वाहिलं, बास. लढाईचं नावसुद्धा नाही. मला तर हे फार आवडलं.

पुढे हलकी, कान मोकळे ठेवणारी हेल्मेटं आली आणि हे मागे पडलं. पण गंमत दक्षिण इटलीत झाली, तिथे ते कपाळावर सरकवलेलंच इतकं रुळलं की नंतरची हेल्मेटं टोपीसारखी डोक्यावर ठेवायचीच बनवली, आणि पुढे डोळ्यांची भोकं मात्र तशीच, नुसती शोभेला.