पंधरा मिलिमीटरचा घोळ

माझी मोटरसायकल १९७०च्या दशकातली, मागे डावा-उजवा असे दोन शॉकअप (धक्के झेलणारे, स्प्रिंग आणि तेलाचे) असलेली. तिचे मूळ शॉकअप संपलेत हे मला कळत होतं, पण कबूल करायला दोन वर्षं गेली. सीटवर दाब देऊन सोडलं की गाडीने एकदा वर येऊन गप्प बसायला हवं. माझी पाळण्यासारखी झुलत राहायची. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओलसर थर आणि त्यावर धूळ चिकटलेली. म्हणजे सील गेलं, तेल गेलं. स्प्रिंग शाबूत होती, पण तिच्या उसळीला आवर घालणारं आत काही उरलं नव्हतं. ते शॉकअप उघडता न येणारे, म्हणून दुसऱ्या कंपनीची नवी जोडी घ्यायचं ठरलं.

शॉकअपच्या वरच्या डोळ्याच्या, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकाच्या, मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी मोजायची, एवढं मला माहीत होतं. मोजली. ३२० मिलिमीटर. त्याच लांबीची जोडी मागवली आणि अर्ध्या तासात बसवूनही टाकली. काळ्या स्प्रिंगा, चकचकीत नळ्या. लांबून बघताना फार छान वाटलं.

चालवताना हँडल जड लागलं. मेन स्टँडवर घ्यायला आधीपेक्षा जास्त जोर लागू लागला. मी मनाची समजूत घातली, नवीन आहे, रुळेल. मग एक दिवस धाकटा भाऊ मागे बसलेला असताना खड्डा आला आणि मागून ‘खर्र’ असा आवाज आला.

“दादा, काहीतरी घासलं.”

“काही नाही रे, चेन असेल.”

घरी येऊन मडगार्डच्या आत बॅटरी मारली. टायरने आतला रंग बोटभर रुंदीच्या पट्ट्यात खरवडून काढला होता. शेपटीच्या दिव्याची वायर तिथूनच जाते. तिच्यावरचं रबर सोलून तांब्याच्या तारा उघड्या पडलेल्या. आणखी दोन खड्डे लागले असते, तर ती तार मडगार्डच्या पत्र्याला टेकून फ्यूज उडाला असता.

चूक माझी होती. मी माप घेतलं तेव्हा गाडी साइड स्टँडवर होती. म्हणजे वजन मागच्या चाकावर आणि शॉकअप दबलेले. माप घ्यायचं ते मेन स्टँडवर, चाक अधांतरी लोंबकळत असताना. जुने शॉकअप कोपऱ्यात पडलेच होते. जमिनीवर आडवे ठेवून पुन्हा मोजले, ३३५. पंधरा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण शॉकअपचा दांडा तेवढाच आत जाणार असेल, तर आखूड शॉकअप पूर्ण दबल्यावर चाक तेवढं, किंबहुना थोडं जास्तच, वर जातं. शिवाय गाडीचा मागचा भाग बसला की पुढचं चाक धरणारा फोर्क जास्त तिरका होतो, हँडल जड लागतं ते त्यामुळे. ती पहिली जोडी अजून खोक्यात आहे.

दुसरी जोडी ३३५ची. सगळे सांगतात, एका वेळी एकच बाजू काढा, दुसरी बाजू स्विंगआर्म (मागचं चाक धरणारी, वर-खाली होणारी चौकट) धरून ठेवते. पण दुसऱ्या बाजूला आखूड शॉकअप असेल तर तो स्विंगआर्म खाली येऊच देत नाही आणि लांब शॉकअपचं भोक बोल्टपर्यंत पोचत नाही. वीस मिनिटं झटापट केल्यावर हे डोक्यात शिरलं. मग चाकाखाली फळ्या रचल्या, दोन्ही शॉकअप काढले आणि एकेक फळी काढत चाक हवं तेवढं खाली घेतलं. शॉकअप निघालेलेच होते, म्हणून चेनचंही उरकून घेतलं. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), स्विंगआर्म ज्यावर फिरतो ती पिन आणि मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. चाक हाताने तिथवर उचलून त्या जागी थोडी ढील राहील असं बघितलं.

नव्या स्प्रिंगा जुन्यांपेक्षा जाड होत्या. चेन कव्हरच्या बाजूची स्प्रिंग कव्हरला जेमतेम नखाएवढं अंतर सोडून होती. आतून एक वॉशर घालून शॉकअप जरा बाहेर घेतला. दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा वॉशर.

पहिल्याच फेरीत ‘टक टक’ सुरू. वरचे नट तर चांगले आवळलेले. हे टोपीसारखे बंद नट असतात. नट ज्यावर बसतो त्या स्टडचं टोक आत टोपीच्या तळाला टेकलं होतं, त्यामुळे पाना घट्ट लागत होता, पण नट शॉकअपला दाबतच नव्हता. मागचा वॉशर बोटाने गरगर फिरत होता! नटाखाली एक जादा वॉशर, आवाज बंद. आणि हे शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून केलं. डोळ्यातला रबर बुश लोंबत्या अवस्थेत आवळला, तर गाडी खाली आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

मग प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. भावाला टेप घेऊन बसवलं. चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत एक माप आणि मी बसल्यावर दुसरं. फरक ३४ मिलिमीटर. चाकाची एकूण हालचाल ८०च्या आसपास, त्यामुळे हे जास्तच. हुक पान्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन खाचा वर घेतल्यावर २६वर आलं. प्रीलोडने स्प्रिंग कडक होते असं पुष्कळ जण समजतात, मीही समजायचो. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते.

आता सीट दाबून सोडली की एकदाच वर येते आणि थांबते. त्या रात्री चक्कर मारायला निघालो तर हेडलाइटचा झोत पुढच्या चाकापासून चार हातांवर रस्त्यात आपटत होता. जुन्या शॉकअपवर गाडीचा मागचा भाग खाली असायचा आणि झोत वर जायचा, तेव्हा मीच कधीतरी दिवा खाली वाकवला होता. परत फिरलो, दोन बोल्ट सैल केले, दिवा वर केला आणि पुन्हा निघालो.