देवदूत काढा म्हणे

सकाळी संपादक ताईंचा निरोप आला. कथा आवडली, अंकात घेतली आहे, फक्त तेवढा देवदूत काढा, आपल्या वाचकांना तो परका वाटेल. बाकी एका ओळीलाही हात लावलेला नाही. आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही आणि दिवसभर त्या एका वाक्यापाशी अडून बसले आहे.

परका कसा? ख्रिस्ती धर्मगुरू फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. म्हणजे गब्रिएल देवदूत मराठी ओवीत येऊन चारशे वर्षं उलटली. त्याच्या कितीतरी आधी भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाला न्यायला यमदूत येतात आणि विष्णुदूत त्यांना अडवतात. तरुण, चार हातांचे, पीतांबर नेसलेले. अडवून काय करतात, तर विचारतात, धर्म म्हणजे काय ते आधी सांगा. मरणाऱ्याच्या उशाशी दोन्हीकडच्या दूतांचा वाद! वरच्या जगातून आलेल्याला नुसतं तेज देऊन भागत नाही, त्याला काम द्यावं लागतं, हे या प्रसंगाइतकं चांगलं कुठे शिकायला मिळणार?

मग वाटतं, ताईंना खटकले ते पंख असतील. तेही समजू शकते. आपल्याकडे पंख गरुडाला, कुठे कुठे किन्नरांना. वेरूळच्या कैलास लेण्यातले गंधर्व-विद्याधर बिनपंखांचे उडतात. ते कसं साधलंय ते नीट पाहावं. गुडघे दुमडलेले, पावलं मागे गेलेली, उत्तरीय मागे फडफडणारं. उड्डाण गुडघ्यात आहे. लिहितानाही तेच करता येतं. 'तो तरंगत आला' असं लिहिलं की वाचकाला काहीच दिसत नाही. पाय कुठे होते, वस्त्र कुठल्या बाजूला गेलं, धूळ उडाली की नाही, हे लिहिलं की दिसतं. आणि पंख द्यायचेच तर बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या दर्शनातल्या सेराफीम देवदूतांसारखे द्यावेत. सहा पंख. दोनांनी तोंड झाकलेलं, दोनांनी पाय, उडायला उरले दोनच. ज्याला देवासमोर स्वतःचं तोंड झाकावं लागतं, तो भेटकार्डावरचा गोंडस देवदूत नव्हेच. बायबलमध्ये गब्रिएल जखऱ्या याजकालाही 'भिऊ नको' म्हणतो आणि येशूच्या आईला, मरीयेलाही. म्हणजे त्याला पाहून माणूस आधी भितो. बहुतेक कथांमध्ये नेमकी ही भीतीच गाळलेली असते. पात्र देवदूताशी लगेच गप्पा मारायला लागतं आणि तिथेच कथा कोसळते.

माझ्या कथेत तो पुण्याच्या पाताळेश्वरात येतो. (तिथे का, हे ताईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.) जंगली महाराज रस्त्यावरून आत वळलं की पायऱ्या खाली उतरतात. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं लेणं, अखंड बेसॉल्टात खोदलेलं. अंगणात तो गोल नंदीमंडप, मागे जाडजूड चौकोनी खांब, आणि काम अर्धवटच राहिलेलं. अपुरी जागा कथेला फार मानवते. जिथे सगळं कोरून झालेलं असतं तिथे लिहिणारा नुसती यादी करत सुटतो, हा खांब, ती मूर्ती, ती कमान, आणि 'पवित्र', 'गूढ', 'अलौकिक' ही विशेषणं पेरत जातो. देऊळ शरीरातून लिहावं. चप्पल काढली, तळव्याला दगड गार लागला, रस्त्यावरचे हॉर्न मागे पडले, नंदीच्या शिंगांमधून पिंडी पाहायला वाकावं लागलं. मग डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ द्यावा आणि त्यानंतरच कोणाला आणायचं त्याला आणावं. हा क्रम मोडला की चमत्कार फुकट जातो.

आईला हे सांगितलं तर ती म्हणेल… जाऊ दे.

पण परका? सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या गाभाऱ्यात संस्कृत शिलालेखांबरोबर फारसीही आहे. दर्शनी भिंतीवर शिपाई आणि साखळीने बांधलेला गेंडा. आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला, तळघरात गोसाव्याची समाधी. १७५४ साली सुरू झालेलं बांधकाम, आणि घडवणाऱ्यांना त्यात काहीच परकं वाटलं नाही. हे आठवलं आणि दुपारपासूनचा राग निम्म्याने उतरला. ताईंचाही दोष नाही. त्यांना हजार वाचकांची काळजी, मला एकाच पाहुण्याची.

शिवाय एक खरं आहे. त्याला देवदूत म्हटलंच पाहिजे, असं कथेत काही अडलेलं नाही. नाव न घेताही तो येऊ शकतो. दुमडलेले गुडघे, मागे राहिलेलं उपरणं, तोंडावर धरलेला हात, आणि पहिले शब्द 'भिऊ नको'. त्याने काय बोलावं तेही दोन वाक्यांतच, कारण दूत निरोप देतो, प्रवचन करत नाही. निरोपही असा हवा की ऐकणाऱ्याला तो नाकारता आला पाहिजे, नाहीतर माणसाच्या बाजूला करायला काहीच उरत नाही.

तेव्हा उद्या ताईंना कळवते: शब्द काढते, तो राहील. खांबाजवळचा परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल, तिथे अजून पंखांचा आवाज आहे. त्याऐवजी कापडाचा चालेल.