थडग्यांवरच्या कवट्या, आणि त्या दिसायची वेळ

एडिनबरोहून रेल्वेने सव्वा-दीड तासावर डंडी. शहराच्या मधोमध हाउफ हे जुनं दफनस्थान आहे. स्कॉटलंडच्या राणी मेरीने १५६४ मध्ये ही जागा शहराला दिली. इथल्या व्यवसाय-संघांच्या, म्हणजे एकेका धंद्यातल्या कारागिरांच्या संघटनांच्या, सभाही याच आवारात भरत.

कवटी, आडवी हाडं, वाळूचं घड्याळ, शवपेटी, अंत्ययात्रेत वाजवायची हातघंटा, कबर खोदणाऱ्याची कुदळ आणि फावडं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या शिळांवर ही चिन्हं पुन्हा पुन्हा भेटतात. क्रूस मात्र क्वचितच. १५६० च्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर स्कॉटिश चर्चला तो कॅथलिक वाटू लागला होता. पण नुसती कवटी पाहून पुढे जाऊ नका. तिच्यावर, शिळेच्या माथ्याशी, बहुतेक वेळा पंख असलेला चेहरा असतो. तो देह सोडून निघालेला आत्मा. खाली मरण आणि वर मुक्ती असं एकत्र वाचलं, की ही शिळा भिववणारी वाटत नाही. मला तरी ती धीर देणारी वाटते.

मग माणसाचा धंदा शोधा. धोटा म्हणजे विणकर, कात्री म्हणजे शिंपी, मुकुटाखाली हातोडा म्हणजे लोहार किंवा इतर धातुकाम करणारा. बायकोचं नाव माहेरच्या आडनावानिशी कोरलेलं असतं, त्यामुळे वंशावळ शोधणाऱ्यांचं काम सोपं होतं.

खरी अडचण उजेडाची. झिजलेलं कोरीवकाम समोरून पडलेल्या उन्हात सपाट दिसतं. ऊन दगडाला घासून गेलं तरच खोली उठते. बऱ्याच शिळांची तोंडं पूर्वेला किंवा पश्चिमेला असतात. उन्हाळ्यात तिथल्या घड्याळात सव्वा एकच्या सुमाराला सूर्य बरोबर दक्षिणेला येतो. त्याआधीचा अर्धा तास पूर्वेकडच्या बाजूंसाठी, नंतरचा अर्धा तास पश्चिमेकडच्या. ढगाळ दिवशी विजेरी शिळेच्या कडेजवळ, दगडाला जवळजवळ समांतर धरा. समोरून फ्लॅश मारलात तर फोटोत काहीच उमटणार नाही.

खडू, पीठ, तारेचा ब्रश यातलं काहीही लावू नका. शिळा बहुधा वालुकाश्माच्या. दगडाचे मूळ थर उभे राहतील अशा बसवल्या असतील तर पाणी आत शिरतं, गोठून फुगतं आणि दर्शनी बाजू पापुद्र्यांनी सुटते. वरचं दगडफूल (आपल्या गोड्या मसाल्यातल्यासारखंच) खरवडलं, तर त्याबरोबर अक्षरंही निघतात. कागद ठेवून पेन्सिल घासणंही नको, आतून पोकळ झालेला थर तेवढ्या दाबानेही सुटतो. आणि शिळेला टेकू नका, कित्येकींचा पाया सैल झालेला असतो.

एडिनबरोत ग्रेफ्रायर्स चर्चच्या दफनभूमीत नक्की जा. तिथे जेम्स बोर्थविक या शल्यविशारदाच्या स्मारकावर नाचणारा सांगाडा आहे, सोबत त्याच्या धंद्याची हत्यारं. १६७० च्या दशकातलं हे काम एवढं जिवंत आहे, की वेळ अपुरा असेल तर मी बाकी सगळं सोडून हेच पाहायला सांगेन. इथली मोठी स्मारकं आवाराच्या भिंतींना लागून, तोंड आत करून उभी आहेत. म्हणून पश्चिमेची भिंत दुपारच्या आधी बघा, पूर्वेची दुपारनंतर.