आमची वाटचाल: पाऊण इंची बर्नर

लेथच्या फुटकळ जॉबवर्कपासून सुरू झालेल्या आमच्या वर्कशॉपचा आजचा मुख्य माल म्हणजे लोखंड तापवायच्या घरगुती भट्टीसाठी पंख्याविना चालणारा गॅस बर्नर. एक बाय पाऊण इंची रिड्यूसिंग टी (तीन तोंडांचा पाइप-जोड, एक तोंड लहान), तिच्या दोन मोठ्या तोंडांतून हवा, लहान तोंडाला गॅस-हवा मिसळणारी मिक्सिंग ट्यूब आणि तिच्या बरोबर समोर, टीच्या पाठीत, जेट म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोक. ट्यूबची लांबी आतल्या व्यासाच्या आठ-नऊ पट, साधारण 180 मिमी. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरत नाही. तापला की जस्ताचा धूर सोडतो.

पूर्वी जेट पितळेत ड्रिल करायचो. आता 0.9 मिमी वायरची मिग टिप, म्हणजे मिग वेल्डिंग गनच्या टोकाची भोकाची नळी, लावतो. भोक सरळ असतं आणि बदली टिप कुठेही मिळते. जोडणी झाली की टिपमधून पाण्याची धार सोडून बघतो. ती ट्यूबच्या मधोमध निघाली नाही, तर ज्योतही कलती येणार. मग ट्यूनिंगला, म्हणजे गॅस-हवेचं प्रमाण जुळवण्याला, अर्थ नाही.

‘ट्यून केलेला’ बर्नर पाठवणं मात्र आम्ही बंद केलं. उघड्यावर झकास दिसणारी ज्योत भट्टीत वेगळी वागते, कारण आतल्या दाबाने हवेची ओढ कमी होते. म्हणून टिपची लांबी मुद्दाम जास्त ठेवतो. ग्राहकाने स्वतःच्या भट्टीत, तीही लाल तापल्यावर, ज्योत बघायची. भट्टीच्या तोंडातून पिवळट-नारिंगी लोळ येत असेल तर गॅस जास्त. गॅस बंद करून, गार झाल्यावर टिप अर्धा-एक मिमी घासायची, कडेला उरलेली धातूची बर काढायची, पुन्हा बघायचं. जास्त घासली तर हवा वाढते आणि लोखंडावर जाड खपल्या धरतात. थोडा गॅस जास्त असलेलाच बरा; पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, बंद खोलीत भट्टी नकोच.

तक्रारी ठरलेल्या. ज्योत फटफट करत ट्यूबमध्ये शिरली तर दाब कमी किंवा ट्यूब तापलेली. अचानक मंदावली तर टिपमध्ये बहुतेक टेफ्लॉन टेपचा धागा. आम्ही गॅससाठीची पेस्टच लावतो. सिलिंडरवर दव धरून दाब उतरला तर सिलिंडर लहान पडतोय. स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर इथे चालत नाही, 0 ते 2 बारचा हाय-प्रेशर लागतो. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासायचा.

भट्टीच्या साडेपाच लिटरच्या पोकळीपर्यंत हा एक बर्नर पुरतो. दोन-अडीच लिटरसाठी आमचा अर्धा इंची घ्या.