कार्ड तिच्या नावावर, खर्च त्याचा

ती आली तेव्हा हातात कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल होती. परस्परसंमतीचा घटस्फोट, काम दुसऱ्या वकिलांकडे झालेलं. अटींमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की क्रेडिट कार्डाची सगळी बाकी नवऱ्याने फेडायची. तरी वसुलीचे फोन तिलाच. "मॅडम, कोर्टानंच लिहून दिलंय की हो, मग बँक मला का धरत्या?"

शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात हा प्रश्न वरचेवर येतो आणि उत्तर देताना दरवेळी जीवावर येतं. कार्ड तिच्या नावावर, त्याच्याकडे होतं ते अ‍ॅड-ऑन, म्हणजे तिच्याच खात्यावर काढलेलं जोडकार्ड. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अ‍ॅड-ऑनवरच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची. शिवाय बँक घटस्फोटाच्या अर्जात पक्षकारच नव्हती. नवरा-बायकोत ठरलेलं बँकेला बांधत नाही. आधी तिनं भरायचं, मग हुकूमनाम्यावर त्याच्याकडून वसूल करायचं.

स्टेटमेंटं टेबलावर पसरली. उद्यमनगरातल्या दुकानांची बिलं, पेट्रोल, एक नवा मोबाईल. त्यातली कित्येक बिलं घटस्फोटानंतरची, कारण अ‍ॅड-ऑन कुणी बंदच केलं नव्हतं. तो बरेच महिने नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरत होता, पुढं तेही थांबलं. महिना साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. मुद्दल हलणार कसं? आधी माझ्यासमोरच फोन लावून तिनं अ‍ॅड-ऑन बंद करून घेतलं.

संध्याकाळी त्यालाही बोलावलं. माणूस भांडायला आला नव्हता. "बँकवाले निम्म्यात मिटवतो म्हणत्यात. मी भरतो की, नाही कुठं म्हणतोय?" तिचा चेहरा खुलला. मी मात्र दोघांना थांबवलं. निम्म्यात मिटवलं तर 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीत मिटवलं, हा शेरा तिच्या सिबिलवर, कर्जफेडीच्या अहवालावर, बसणार, त्याच्या नव्हे. आणि तिला घरासाठी कर्ज काढायचं होतं. पैसे त्याचे वाचणार आणि डाग तिला लागणार. हे कसं चालेल?

एवढ्यात तिचा फोन वाजला. साडेसात वाजून गेले होते. मी घेतला आणि सांगितलं, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तुमचं नाव सांगा. समोरून फोन कट.

त्याला स्वच्छ सांगितलं, पूर्ण भर, नाहीतर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करते. तो बराच वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझी भिशी लागत्या, ती उचलतो. उरलेलं दोन हप्त्यांत." ते तिथंच लिहून सह्या घेतल्या.

शेवटचा हप्ता भरला त्याच दिवशी तिनं कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला. बाकी नसेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड. थकबाकी नसल्याचं पत्रही मागून घ्यायला लावलं. फोन थांबले. उशिरा भरल्याच्या जुन्या नोंदी मात्र तिच्या अहवालात तशाच आहेत, आणि त्या पुसायचा उपाय माझ्याकडे नाही.