औषध मोफत, दवाखान्यापर्यंतची वाट महाग

क्षयरोगाच्या गोळ्या आमच्या दवाखान्यात मोफत मिळतात. तरीही रजिस्टरमध्ये काही नावांपुढचे रकाने कोरे राहायचे. मी समाजसेविका म्हणून रुजू झाले तेव्हा अशा रुग्णांच्या घरी जाऊन त्यांना समजावणं हे माझं काम होतं. प्रत्यक्षात घरी गेल्यावर समजावण्यासारखं फारसं काही नसायचंच. डोस चुकवला तर काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दवाखान्याची आणि कामाची वेळ एकच. दवाखान्यात यायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडणार, वर गाडीभाडं. घरमालकाला कळलं तर खोली सोडावी लागेल ही धास्ती वेगळीच. एक बाई म्हणाल्या, "ताई, गोळ्यांनी भूक वाढते. ती भागवायला घरात काही नको का?"

जागतिक आरोग्य संघटना क्षयरोगाच्या खर्चात प्रवास, जादा आहार आणि बुडालेली कमाई हे सगळं धरते. हा भार कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या 20 टक्क्यांवर गेला की तो आपत्तीजनक मानला जातो. बऱ्याच देशांत झालेल्या पाहण्यांत क्षयरोग झालेल्या कुटुंबांपैकी जवळपास निम्मी या रेषेच्या पलीकडे गेलेली दिसली. हे वाचल्यावर मला कोऱ्या रकान्यांचा अर्थ लागला. आजार सर्वांना एकच, गोळ्याही त्याच. पण उपचार पूर्ण करायची ताकद ज्याच्या त्याच्या कमाईवर आणि कामाच्या अटींवर ठरत होती.

पहिला बदल आम्ही केसपेपरवर केला. काम कोणतं, सुटी घेतली तर पगार कापतात का, घरात अवलंबून कोण, दोन वेळचं जेवण पुरतं का, हे प्रश्न निदानाच्या दिवशीच विचारायचे ठरवलं. फक्त गरीब दिसतील त्यांनाच विचारावं, असं काही सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. मी ते मानलं नाही. नीटनेटके कपडे घालून आलेल्या एका गृहस्थांनी या प्रश्नांवर मान खाली घातली. आजारपणात त्यांचं काम सुटलं होतं आणि घरी त्यांनी ते सांगितलं नव्हतं. विचारायचं सगळ्यांना आणि ज्याची नड मोठी त्याला आधारही मोठा द्यायचा. मायकेल मार्मट यांनी इंग्लंडमधल्या आरोग्यविषमतेवर 2010 साली जो अहवाल दिला, त्यातही धोरण असंच आखावं असं म्हटलं आहे.

"हे दवाखान्याचं काम नाही," असाही सूर निघाला. तेव्हा मी डॉ. जॅक गायगर यांची हकिकत सांगितली. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या मिसिसिपीत त्यांच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर कुपोषित मुलांना चिठ्ठीवर अन्न लिहून देत आणि त्याचं बिल औषधांच्या निधीतून भागवलं जाई. वरून विचारणा झाली, तेव्हा कुपोषणावरचं औषध अन्नच आहे, असं त्यांनी उत्तर दिलं. आमच्या डॉक्टरांनी हे शांतपणे ऐकलं आणि नव्या केसपेपरवर सही केली.

खरी दमछाक अर्जांनी केली. आजारपणात मिळणारा भत्ता कागदावर होता. त्यासाठी मालकाचा पगाराचा दाखला, पत्त्याचा पुरावा, बँकेचं खातं लागायचं आणि अर्जदाराने स्वतः हजर राहायचं. बांधकामावरच्या एका बाईंसोबत मी या खेपा घातल्या. दाखला दिला की ही आपली कामगार आहे हे कबूल करावं लागतं, म्हणून मुकादम तो देईना. तापाने अंग कापत असताना त्या खिडकीसमोरच्या रांगेत उभ्या होत्या. कायम नोकरीतल्या माणसाचा तोच अर्ज मात्र सहज मंजूर व्हायचा, कारण प्रत्येक कागद त्याच्या कार्यालयात तयार असायचा. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 साली लिहून ठेवलंय की चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथे गरज जास्त, तिथेच ती कमी मिळते. त्या रांगेत मला ते पुरतं पटलं. मला त्या दिवशी फार राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर आम्ही एक वही घातली. कोणाचा अर्ज कुठल्या टेबलावर, कोणत्या कागदासाठी अडला, एवढंच त्यात लिहायचं. बरीच पानं भरल्यावर दिसलं की बहुतेक अर्ज पगाराच्या दाखल्यापाशीच थांबतात. वही घेऊन आम्ही अधिकाऱ्यांच्या बैठकीत गेलो. "खोटे अर्ज आले तर?" हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, साहेब, बेडक्याची तपासणी आपल्याच प्रयोगशाळेत होते. आजाराचा याहून मोठा पुरावा कोणता? मग कमाईसाठी रुग्णाचं स्वयंघोषणापत्र का चालू नये?

दुसरा प्रश्न पैशांचा होता. त्यावर आमच्याकडे अभ्यास होते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषणाची शिधाटोपली दिली, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास 2023 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ब्राझीलमध्ये 2003 पासून सुरू झालेल्या 'बोल्सा फॅमिलिया' योजनेत गरीब कुटुंबांना थेट रोख मदत मिळते. ती जिथे चांगली पोहोचली, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू कमी झाले, आणि कुपोषण व जुलाबाने होणारे तर फारच कमी झाले. म्हणजे हा पैसा आरोग्यावरचाच खर्च आहे, असं मी सांगितलं.

लगेच होकार आला नाही. पत्रं, स्मरणपत्रं, पुन्हा बैठका असं बरंच चाललं. शेवटी स्वयंघोषणापत्र मान्य झालं. अर्ज निदानाच्या दिवशी दवाखान्यातच भरायचा आणि पुढे पाठवायची जबाबदारी आमची, हेही ठरलं. आठवड्यातून एकदा संध्याकाळीही दवाखाना उघडा राहू लागला. माझ्या मते या सगळ्यात मोठा बदल हाच, कारण त्याला एकही अर्ज लागत नाही. त्या बांधकामावरच्या बाईंनी उपचार पूर्ण केले. भत्ता हातात आला तो अखेरच्या महिन्यांत. तोवर शेजारणींनी त्यांची मुलं सांभाळली म्हणून निभावलं.

पत्त्याचा पुरावा मात्र अजून सुटलेला नाही. कामामागे गावोगाव फिरणाऱ्यांना उपचाराच्या मधेच मुक्काम हलवावा लागतो, नव्या ठिकाणी अर्ज पुन्हा पहिल्यापासून आणि भत्ता बंद. अर्ज रुग्णाच्या उपचार क्रमांकाशी जोडावा आणि तो जिथे जाईल तिथे भत्ता चालू राहावा, अशी मागणी आम्ही लेखी दिली आहे. वहीची नवी पानं सध्या याच नोंदींनी भरत आहेत.