तीट

"आठ पासपोर्ट द्या," असं म्हणणारी माणसं माझ्या स्टुडिओत रोज येतात. दहावीचा फॉर्म, बँकेचं खातं, सोसायटीचं कर्ज. पासपोर्टशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. आणि ज्याला खरोखर पासपोर्ट काढायचाय त्याला मी हात हलवत परत पाठवतो, कारण मोठ्या माणसाचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात. टोकन मिळालं की पहिल्याच काउंटरवर कागद स्कॅन होतात, बोटांचे ठसे घेतात आणि समोरच्या कॅमेऱ्यात फोटो निघतो. हे सांगितलं की माणूस माझ्याकडे संशयानं बघतो. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार कराडात त्यानं बघितलेला नसतो.

याला अपवाद चार वर्षांखालच्या मुलाचा. त्याचा फोटो आईबापांनी बरोबर न्यायचा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, रंगीत, पाठीमागं पांढरं. चेहरा सरळ, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दुसऱ्या कुणाचा हात फोटोत नको. वाचायला दोन ओळी. ज्यानं या दोन ओळी लिहिल्या त्यानं कधी तीन महिन्यांचं पोर उताणं झोपवून कॅमेरा धरला असेल असं मला वाटत नाही.

गेल्या श्रावणात संध्याकाळी सात वाजता, शटर अर्धं ओढलेलं असताना, चौघं आत आली. मुलगा, सून, कुंचीत गुंडाळलेलं बाळ आणि आज्जी. मुलगा जर्मनीत नोकरीला, पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात अपॉइंटमेंट, बाळाची आणि आज्जीची एकदमच. पहाटे चारला गाडी सांगितलेली.

"काका, फोटो आहे खरं तर," असं म्हणत त्यानं पाकीट पुढं केलं. घरीच मोबाइलवर काढून, कुठल्याशा अॅपनं मागचं पुसून पांढरं केलं होतं आणि प्रिंट मारून आणली होती. मी भिंगाखाली धरला. अॅपनं गादीबरोबर बाळाचा डावा कानही पुसला होता. उजव्या बाजूचं जावळ कात्रीनं कापल्यासारखं सरळ.

"कान कुठाय?" मी विचारलं. सुनेनं फोटो हातात घेतला, मग कुंची बाजूला सारून बाळाचा कान बघितला. खरंच बघितला.

बाकीची तयारी त्या मुलानं चोख केली होती. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. त्या दाखल्यावर बाळाचं नाव चढवायला नगरपालिकेत तीन हेलपाटे झाले होते. आईबापांनी सही करायचं प्रतिज्ञापत्र, ज्याला परिशिष्ट 'ड' म्हणतात, तेही भरलेलं. फी भरून झालेली, बाळाचे हजारातून दहा टक्के वजा जाऊन ९००, आज्जीचे दीड हजारातून १३५०. आठ वर्षांच्या आतल्यांना आणि साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टला ही सूट आहे. सगळं जागेवर होतं, एक कान सोडून.

बाळाला घेतलं. कुंची काढली, तर डोळ्यांत काजळ, मनगटाला काळा दोरा आणि उजव्या गालावर रुपयाच्या नाण्याएवढी तीट. अंगात पांढरं झबलं.

झबल्याचं आधी सांगितलं. पांढऱ्यावर पांढरं घातलं की खांदे गायब होतात आणि मुंडकं हवेत तरंगतं. सुनेच्या पिशवीत एक गडद निळं झबलं निघालं, ते घातलं. काजळ ओल्या कापसानं पुसलं. मग मी कापूस गालाकडे नेला आणि आज्जीनं माझा हात धरला.

"तीट ऱ्हाऊ दे."

"आज्जी, चेहरा स्वच्छ लागतो."

"घाण हाय व्हय त्यो?"

मुलगा म्हणाला, "काका, राहू दे, नंतर कॉम्प्युटरवर काढा ना. दोन मिनिटांचं काम." त्याचं खरं होतं. दोन मिनिटंही लागली नसती. पण मी चेहऱ्याला हात लावत नाही. उजेड कमीजास्त करीन, कडा कापीन, पण चेहरा आला तसा.

त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगचा एक मुलगा अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोसाठी आला होता. तो चौकोनी असतो, दोन इंच बाय दोन इंच. १ नोव्हेंबर २०१६ पासून त्यात चष्मा चालत नाही, हे मला ठाऊक होतं. चष्मा मी काढायला लावला आणि स्वतःवर खूश झालो. त्याची आई म्हणाली, तेवढे मुरूम घालवा. घालवले. त्वचा गुळगुळीत करायचं जे बटण असतं ते जरा जास्त फिरलं आणि मुरमांबरोबर ओठावरचा तीळही गेला. माझ्या ध्यानात आलं नाही, आईच्याही आलं नाही. मुंबईत तो फोटो नाकारला आणि त्याला तिथंच दुसरा काढावा लागला. परत आल्यावर तो पोरगा काही बोलला नाही. माझा फोटो काउंटरवर ठेवला, तिळावर बोट टेकवलं आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फोटो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मी आज्जीला समजावू लागलो, की तिथं चेहरा मशीन वाचतं, डाग असला तर माणूस वेगळा वाटू शकतो. आज्जी ऐकत होत्या. मग त्यांनी पदर जरा मागं घेतला आणि हनुवटी पुढं केली. हनुवटीवर गोंदण, हिरवट पडलेले चार ठिपके. कपाळावर आणखी एक.

"ह्ये चालतंय नव्हं? ह्यानं फारमात लिवलंय ह्ये. मग माज्या नातवाची तीट का न्हाई चालत?"

मुलानं मान डोलावली. अर्जात ठळक दिसणारी खूण लिहायला एक रकाना असतो, त्यात त्यानं आईचं गोंदण लिहिलं होतं. तीस वर्षं मी चेहऱ्यांचे फोटो काढतोय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पुसायचा डाग कुठला आणि लिहायचा कुठला?

"आज्जी, तुमचं धुतलं तर निघंल का?" मी म्हणालो.

"जळल्याबिगर न्हाई निघायचं."

"म्हणून चालतं. तीट उद्या अंघोळीला जाईल. पासपोर्ट पाच वर्षं राहणार."

यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग स्वतःच कापूस घेतला, गाल पुसला आणि पिशवीतून काजळाची डबी काढून बाळाच्या तळपायाला मोठी तीट लावली. "फोटूत पाय येतोय का?" म्हणून मला दोनदा विचारून घेतलं.

खरं काम इथून पुढं. फरशीवर सतरंजी, वर इस्त्रीची पांढरी चादर, सून एका बाजूनं आणि बाप दुसऱ्या बाजूनं ताणून धरणार. बाळ उताणं असलं की कानाखाली सावली साचते, म्हणून दोन्हीकडे थर्माकोलच्या शीट उभ्या केल्या. फ्लॅश मी वापरत नाही. बाळ दचकतं आणि मागं काळी सावली पडते. दोन मोठे दिवे छताकडे वळवले, की उजेड वरून गाळून आल्यासारखा पडतो. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे मारून मी घोडीवर चढलो. खाली बाळ आहे, हातातून काही सुटता कामा नये, हे एवढंच डोक्यात असतं.

तीन महिन्यांच्या बाळाला मान धरता येत नाही. ती एकीकडे कलते. सरळ केली की दुसरीकडे. मान सरळ आली तर मूठ तोंडात. मूठ काढली तर जीभ बाहेर. जीभ आत गेली तर जांभई. आज्जी खुळखुळा माझ्या भिंगाच्या बाजूला धरून उभ्या होत्या. खुळखुळा वाजला की बाळ हसायचं आणि बोळकं उघडायचं, ते चालत नाही. नाही वाजला तर रडायचं, तेही चालत नाही. मधल्या वेळात एकदा ते झोपलं. आम्ही चौघं मोठी माणसं एका चादरीभोवती वीस मिनिटं गप्प बसून होतो. बाहेर एसटी स्टँडवरून पुण्याची गाडी लागल्याचं ऐकू येत होतं.

उठल्यावर सुनेनं दूध पाजलं. पोट भरलेलं, ढेकर निघालेली, रडायच्या आधीची एक दोन मिनिटं असतात, तेव्हा बाळ नुसतं बघतं. फोटोचा क्षण तोच. मी घोडीवर तयार. आज्जींनी खुळखुळा ठेवून दिला आणि जिभेनं टक् असा एकच आवाज काढला, बैलाला काढतात तसा. बाळानं डोळे मोठे करून वर बघितलं. तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसताहेत, मुठी खाली. एकशे एकोणीसावा फोटो होता. तो घेतला.

प्रिंट निघाल्यावर बाप बराच वेळ बघत होता. "पाच वर्षं हाच चेहरा दाखवायचा का?" त्यानं विचारलं. दाखवायचाच. पहिलीत जायच्या वयाचं पोर विमानतळावर उभं राहणार आणि अधिकारी या बोळक्याकडे बघून शिक्का मारणार. आणि व्हिसाला फोटो परत वेगळा लागेल, हे मी त्याला त्या रात्री सांगितलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही.

जाताना आज्जींना मात्र बजावलं. "उद्या पांढरं लुगडं नेसू नका, गडद नेसा. तुमचा फोटो तिथंच काढणार आहेत." त्यांना ते पटलं नाही. फोटोवाला इथं बसलेला असताना पुण्यात कोण कशाला काढील?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला, बाळाचा फोटो घेतला, काही म्हणाले नाहीत. नंतर चार दिवसांनी आज्जी स्वतः आल्या, बाळ कडेवर घेऊन, हिरव्या लुगड्यात.

"ती पोरगी म्हणली, आज्जी हिकडं बघा. म्या पदर नीट करतेय तवर फोटू निघाला बी. बोटं उमटंनात म्हणून चारदा पुसली, पर फोटूला दोन मिंटं न्हाईत." खुरप्यानं झिजलेली बोटं त्यांनी माझ्यापुढं धरली. "म्या कशी आली आसंन कुणास ठावं. आता तू नीट काढ. आमच्या दोघांचा."

बसवलं. या वेळी मागं निळा पडदा, साधी खुर्ची. मी दिवे लावेपर्यंत आज्जींनी डबी काढली आणि बाळाच्या गालावर बोट टेकवलं. तीट चांगली रुपयाएवढी झाली. मग हनुवटी वर केली, चार ठिपके उजेडात आणले आणि मला म्हणाल्या, "हां, आता काढ. ह्यातलं काय बी पुसू नगंस."